शुक्रवारचं प्रेशर

वाल्मीकचं प्रेशर मी तेरा वर्षं मोजलं आणि त्यातली नऊ वर्षं ते चुकीचं मोजलं. यंत्र बरोबर होतं, माझे कानही शाबूत होते. चुकलो मी. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे सांगताना मला राग येईल आणि तो भलत्यावरच निघेल. माझा स्वभावच तसा. दवाखान्यात मला पुढ्यात केसरीनाथभाऊ म्हणत आणि पाठीमागे फटाका कंपाउंडर.

आमचा दवाखाना भिवंडीतल्या सूत व्यापाऱ्यांच्या धर्मादायाचा. वर आम्ही, खाली यंत्रमागांचा कारखाना, चोवीस लूम. खटाखट अशी की टेबलावरच्या बाटल्या थरथरायच्या. स्टेथोस्कोप कानाला लावला की नाडीऐवजी लूमच ऐकू यायचे. म्हणून प्रेशर मोजायचं ते फक्त शुक्रवारी. शुक्रवारी कारखान्यांची वीज बंद असायची. सगळं शहर गप्प व्हायचं, आणि त्या शांततेत मी एकामागून एक दंड आवळत बसायचो. हा नियम माझाच, आणि मला त्याचा केवढा अभिमान होता!

वाल्मीक खालच्याच कारखान्यात जॉबर होता. लूम बिघडला की जॉबर लागतो, पण वाल्मीक बिघडायच्या आधीच हजर व्हायचा. चालत्या लूमवर नुसता तळवा ठेवून सांगायचा, ‘ह्याला दोन दिसांनी ताप येनार.’ मूळचा भिवंडीजवळच्या पूर्णा गावचा, बौद्धवाडीतला. उंच, सडसडीत, कपाळावर कायम सुताची पांढरी लव.

त्र्याऐंशी साली तो पहिल्यांदा जिना चढून वर आला. लघवीतून रक्त जात होतं. आधी उन्हाळी लागली म्हणून महिनाभर सब्जा पीत बसला होता. आमच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी त्याला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात सोनोग्राफीला पाठवलं. ते यंत्र तेव्हा नवं होतं. दोन्ही मूत्रपिंडांत द्राक्षाच्या घडासारखे पाण्याचे फुगे निघाले.

‘हे पिढीजात असतं,’ डॉक्टर म्हणाले. ‘फुगे थांबवायचं औषध नाही. पण प्रेशर खाली ठेवलंस, मीठ कमी केलंस, दुखण्याच्या गोळ्यांना हात लावला नाहीस, तर वर्षं मिळतील.’

‘किती वरसं?’

‘ते तुझं प्रेशर ठरवील. आणि भावंडं असतील तर त्यांनाही तपासायला आण.’

भावंडांचं ऐकून वाल्मीक खाली बघत राहिला. त्याची आई शांताबाई चव्वेचाळिसाव्या वर्षी गेली होती. पोट टम्म झालेलं, अंगावर सूज. वाडीत म्हणाले, करणी केली कुणीतरी. करणी कसली डोंबलाची! हेच होतं ते.

जिना उतरताना तो मला म्हणाला, ‘भाऊ, आयचं वय ओलांडायचं हाय बगा. पंचेचालीसावं लागलं का तुमाला कोंबडी.’

‘बिनमिठाची का?’ मी म्हटलं. तो हसला. मला तेव्हापासून तो माणूस आवडू लागला, आणि आवडलेल्या माणसावर मी जास्तच खेकसतो.

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी तो यायचा. मी प्रेशर घ्यायचो, त्याच्या कागदावर आकडा लिहायचो आणि तीस गोळ्या पुडीत बांधून द्यायचो. सहा महिन्यांनी रक्ताची तपासणी. त्यानं सुकट सोडली, लोणचं सोडलं. बायको मंदा वेगळ्या भांड्यात त्याची अळणी आमटी शिजवायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. ‘न्हाय तेच बरं,’ असं तो एकदाच म्हणाला, आणि पुन्हा तो विषय मी काढला नाही.

दुसऱ्या रोग्यांना मी त्याचा कागद दाखवायचो. ‘बघा, शिका जरा! एकशे तीस, एकशे अठ्ठावीस, एकशे तीस. एका रेषेत! आणि तुम्ही?’ वाल्मीक बाकावर अवघडून बसायचा. पुढे कधीतरी म्हणाला, ‘भाऊ, सेठची फेरी असली का आमी पन लूम पुसून लख करतो. त्यात काय येवडं.’ मला वाटलं, विनय करतोय.

सत्त्याऐंशीच्या एका शुक्रवारी पुडी हातात घेऊन तो तसाच उभा राहिला.

‘भाऊ, घरच्या कुनासाटी ह्याच गोल्या नेता येतील का?’

‘माणूस समोर आणायचा, कागद करायचा, मग गोळी.’

‘मानूस येनारा न्हाय.’

‘मग गोळीही नाही. हा दवाखाना आहे वाल्मीक, रेशनचं दुकान नाही.’

बाकावरचे दोघे-तिघे हसले. वाल्मीकही थोडा हसला आणि गेला. कुणासाठी हव्यात, हे मी विचारलंसुद्धा नाही. मागे गर्दी होती, आणि नियम म्हणजे नियम.

नव्वदनंतर त्याच्या रक्तातला क्रिएटिनीनचा आकडा चढायला लागला. मूत्रपिंडं थकत चालल्याची ती खूण. डॉक्टर कागद पुन्हा पुन्हा बघायचे. ‘प्रेशर इतकं छान, मग हे इतक्या वेगानं का जातंय? हा चोरून दुखण्याच्या गोळ्या घेत असणार.’

लूमवाले घेतातच. कंबर धरली की पानाच्या ठेल्यावरून एक गोळी, आणि शिफ्ट पूर्ण. मी वाल्मीकला सगळ्यांदेखत झापलं. ‘लाज नाही वाटत? आम्ही इथे तुझ्यासाठी जीव टाकतोय आणि तू ठेल्यावरच्या गोळ्या खातोस!’

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, ‘आता न्हाय खानार, भाऊ.’

न केलेला गुन्हा त्यानं मुकाट पदरात घेतला. का, ते मला तेव्हा कळायचं कारण नव्हतं.

शहाण्णव सालचा मार्च. मंगळवार होता, लूम जोरात चालू होते. खालून चौघांनी वाल्मीकला उचलून वर आणलं. लूमवर तळवा ठेवून उभा होता, तसाच कोसळला म्हणाले. तोंड एका बाजूला वाकडं झालं होतं. मी पट्टा आवळला. ऐकू तर काही येणार नव्हतं, म्हणून मनगटावर बोटं ठेवली आणि नाडी बोटाला कधी लागते ते पाहिलं. दोनशे वीसला लागली. मला वाटलं, यंत्र बिघडलं. पट्टा माझ्या दंडाला आवळून पाहिला. यंत्र चांगलं होतं.

बोटानं वरचा आकडा कळतो. कुठल्याही वारी, कितीही खटाखट असली तरी कळतो. हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. तेरा वर्षांत एका मंगळवारी मी त्याला जिन्यावरून हाक मारली असती तरी पुरलं असतं.

ठाण्याच्या इस्पितळात तो चौथ्या दिवशी गेला. वय त्रेचाळीस. आईचं वयही त्याला गाठता आलं नाही.

मंदाला मी विचारलं, गोळ्या घेत होता ना? ती म्हणाली, ‘पुडी तर दर महिन्याला आणत होते. कारखान्यात ठेवतो म्हणायचे.’ मला त्याचा असा संताप आला! गोळ्या फेकल्या असतील मेल्यानं, आणि शुक्रवार जवळ आला की चार गिळून आमच्यासाठी लूम पुसून ठेवत असेल. जलदान विधीला गेलो तेव्हासुद्धा त्याच्या फोटोसमोर मी मनातल्या मनात त्याला शिव्याच दिल्या.

पुढच्या महिन्यातल्या शुक्रवारी एक बाई जिना चढून आली. पस्तिशीची, सडसडीत, कपाळ थेट वाल्मीकचं.

‘मी शेवंता. वाल्मीकची भैन. दिघाशीला दिलीय मना.’ तिनं पिशवीतून पत्र्याची डबी काढून उघडली. डबी रिकामी होती. ‘गोल्या सरल्या, भाऊ.’

‘कसल्या गोळ्या?’ मी विचारलं.

‘मना पन आयवालंच हाय,’ ती हळूच म्हणाली. ‘पयलं पोर पोटातच गेलं, तवा दादानं ठान्याला नेऊन पोटाचा फोटो काडला. सासरी कुनाला ठावं न्हाय. कललं तं म्हनतील, खोटी पोर गल्यात बांदली. म्हून दादाच आनून द्यायचा. तुमी दोगांच्या देता म्हनायचा.’

‘किती आणायचा?’

‘पंचीस. एकदा पन चुकला न्हाय. उरलं पाच दिस मीट बंद कर म्हनायचा.’

तिला पंचवीस. मी देत होतो तीस. शुक्रवारच्या आधीचे पाच दिवस त्याचे, आणि महिन्याचे बाकी सगळे दिवस त्यानं गोळीविनाच काढले होते. डोकं फुटत असेल, तरी लूमवर हात ठेवून. ज्या गोळ्या मी एका वाक्यानं नाकारल्या होत्या, त्या त्यानं माझ्याच हातून, माझ्याच नियमात बसवून नेल्या. नऊ वर्षं.

शेवंता माझ्याकडे बघत होती. ‘भाऊ, मंग त्यो गेला कसा? त्याच्या त्यो घेत व्हता ना?’

मी आयुष्यभर लोकांच्या तोंडावर खरं फेकत आलो. त्या दिवशी ते फेकलं नाही.

‘घेत होता,’ मी म्हटलं. ‘दोघांच्याच देत होतो मी. काही दुखणी ऐकत नाहीत, बाई.’

तिनं मान हलवली. डोळे पदरानं पुसून डबी पुढे सरकवली. तिच्या नावाचा कागद नव्हता, डॉक्टर आले नव्हते, आणि मी तीस गोळ्या मोजून डबीत टाकल्या. डॉक्टर येईपर्यंत बस म्हटलं, आणि इथून पुढे शुक्रवार सोडून कधीही ये, असंही बजावलं. मग तिच्या दंडाला पट्टा आवळला. खाली लूम बंद होते, नाडीचा ठोका स्वच्छ ऐकू आला.

‘किती हाय?’ तिनं विचारलं.

‘एकशे अठ्ठावीस.’

‘चांगलं हाय का?’

वाल्मीकच्या कागदावर इतकी वर्षं मी हाच आकडा लिहीत आलो होतो. तो खरा कुणाचा होता, ते आत्ता माझ्यासमोर बसलं होतं.

‘चांगलं आहे,’ मी म्हटलं, आणि नवा कागद काढून त्यावर तिचं नाव लिहिलं.