मडक्यातलं पाणी

कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने ट्यूब पाण्यात दाबली, बुडबुडे आले, सोल्युशनचा वास सुटला आणि मी पन्नास वर्षं मागे, खालापूरच्या पुढच्या रस्त्यावर जाऊन उभा राहिलो.

इंग्रज अजून जायचे होते. कॉलेजच्या सुट्टीत मी आणि माझा मित्र दत्तू कर्जतहून सायकलींनी अलिबागचा समुद्र आणि किल्ला पाहायला निघालो होतो. खालापूर सोडलं आणि भर उन्हात माझी सायकल पंक्चर झाली. आम्हाला बसलेलं पाहून कातकरवाडीतली एक म्हातारी रुंद तोंडाचं मडकं घेऊन आली.

"प्या रं पोरांनो. झऱ्याचं हाय, लांबून आनलंय."

घशाला कोरड पडली होती. पण कातकऱ्यांच्या हातचं पाणी आमच्या घरात कोणी पीत नसे. दत्तूने माझ्याकडे पाहिलं. मी मडकं घेतलं आणि पंक्चर शोधायला त्यातच ट्यूब बुडवली.

"मंग तुमी काय पिनार?" म्हातारी म्हणाली. "थांबा, दुसरं आनते." मडकं रिकामं करून ती पुन्हा झऱ्याकडच्या उतरणीला लागली.

आम्ही घाईघाईने ठिगळ लावलं, हवा भरली आणि निघालो. ती पाणी घेऊन परत येईल तेव्हा रस्त्यावर कोणी नसेल, हे अलिबाग येईपर्यंत माझ्या मनातही आलं नाही.