फेमियाच्या आधी आलेलं सामान

परदेशातून सामानाचं खोकं आलं की आमच्या गल्लीत ते कुणाकडे आलं हे विचारावं लागत नाही. मनिलाच्या बंदरावरून येणारा कंपनीचा ट्रक चर्चच्या कोपऱ्यावर वळला की समोर राहणारी बासिंग दारात येऊन उभी राहते, आणि तिचं तोंड ज्या घराकडे त्या घरी खोकं. माझं केस कापायचं दुकान बरोबर तिच्यासमोर. आरशात खाली गिऱ्हाईकाचं डोकं आणि वर बासिंगचं, असं माझं आयुष्य गेलं. गालाला साबण लावलेलं गिऱ्हाईक तसंच सोडून मी कितीदा तरी बाहेर धावलोय. बिचारं गिऱ्हाईकही साबणासकट मागून येतं, कारण खोकं कुणाला बघायचं नसतं?

त्या ऑक्टोबरात एकदम तीन खोकी उतरली, तीही मिंदाच्या दारात. छातीपर्यंत येतील एवढी उंच, टेपनं इतकी गुंडाळलेली की पुठ्ठा दिसेना.

मिंदा ही फेमियाची भावजय. फेमियाचा भाऊ क्रिसान्तो जिनच्या बाटल्या रिकाम्या करता करता स्वतःच संपला. मागे राहिली मिंदा, तिची पोरं आणि फेमियाच्या पैशांचं दुमजली घर. फेमियानं लग्न केलं नाही. ऐन तारुण्यात हाँगकाँगला एका कुटुंबात कामाला गेली ती तिथेच राहिली. दोन वर्षांतून एकदा घरी यायची, पंधरा दिवस पाहुण्यासारखी बसायची आणि परत जायची. वरच्या मजल्यावर तिची म्हणून एक खोली होती. खोलीत एक पलंग आणि खिडकीला पडदा. पडदा मिंदाच्या आवडीचा.

खोक्याचं गणित परदेशात राबणाऱ्यांना पाठ असतं. विमानात किलोकिलोचा हिशेब. जरा जास्त भरलं की काउंटरवरची पोरगी सगळ्या रांगेदेखत बॅग उघडायला लावते आणि तुमचे आतले कपडे जगाला दिसतात. जहाजानं येणाऱ्या खोक्याला भाव खोक्याचा, वजनाचा नाही. आत पिसं भरा नाहीतर दगड भरा, कंपनीला पर्वा नाही. म्हणून बायका ठासतात तरी कशा! बुटात साबण, साबणांच्या फटीत मोजे, मोज्यात चॉकलेट. झाकण बसेना की अंगानं भरलेली एखादी मैत्रीण वर बसवायची आणि टेप ओढत सुटायचं. आणि आतलं काहीही पाठवणारीचं नसतं. तिचं असतं ते फक्त वरचं नाव.

फेमियानं या वेळी पहिल्यांदाच उलटं केलं. गुडघे बोलायला लागले होते. कायमचं घरी यायचं ठरलं होतं. इतक्या वर्षांचा स्वतःचा संसार, म्हणजे मोलकरणीच्या खोलीत मावतो तेवढा, विमानानं आणायचा तर जन्माची पुंजी गेली असती. म्हणून तो तिनं खोक्यांत भरून जहाजानं पुढे पाठवला. लोकांना द्यायच्या वस्तू बॅगेत घालून स्वतःबरोबर आणायच्या, आपल्या हातानं द्यायच्या, असा बेत. फोनवर मिंदाला एवढंच म्हणाली, "तीन खोकी येतील. वरच्या खोलीत ठेव. मी आले की बघू."

"ठेवते की, मनांग," मिंदा म्हणाली. वयानं मोठ्या बाईला आमच्याकडे मनांग म्हणतात, पुरुषाला मनोंग. मिंदा वाईट नाही हो. तिनं चार पोरं लावून खोकी वर चढवली आणि दार ओढून घेतलं.

पण फेमिया येईना. तिच्या मालकिणीची म्हातारी आई न्हाणीत पडली, कंबरडं मोडलं. म्हातारीला फेमियाशिवाय कुणाच्या हातचं गिळेना. मालकीण रडली, फेमिया थांबली. चिनी नवं वर्ष होऊ दे, मग जाईन, असं म्हणाली.

इकडे गल्लीचा जीव खालीवर. बासिंग रोज मिंदाला हटकायची.

"काय गं, वर काय अंडी उबवतेस?"

"मनांग आल्यावर उघडायचं ठरलंय."

"कधी येणार ती? फेब्रुवारीत? तोवर चॉकलेट मुंग्या खातील, आणि आमच्या गल्लीतल्या मुंग्यांना मधुमेह होईल."

मिंदा हसून घ्यायची. पण मग नोव्हेंबर लागला. मृतांच्या सणाला गावोगावचे नातेवाईक आले, कबरींवर मेणबत्त्या लागल्या आणि स्मशानातून सगळे नेहमीसारखे फेमियाच्या घरी भाताच्या वड्या खायला जमले. क्रिसान्तोच्या आठवणी काढून झाल्या. त्या काही फार नव्हत्या. मग एकेकाची नजर जिन्याकडे जायला लागली. कुठलीशी मावशी म्हणाली, "काही लोकांकडे म्हणे तीन तीन खोकी येतात आणि दाराला कडी लागते." आमच्याकडे बाईला चोर म्हटलेलं चालेल, कंजूष म्हटलेलं चालत नाही. मिंदाचं तोंड उतरलं. तिनं हाँगकाँगला फोनही लावला. फेमिया इस्पितळात म्हातारीच्या उशाशी होती. दबक्या आवाजात "नंतर बोलते गं" म्हणून तिनं ठेवून दिला.

खोकी खाली आली.

टेप फाडली की आधी वास येतो. साबण, चॉकलेट, नवं कापड, त्या वासानंच पोरं नाचायला लागतात. या वेळी माणसाचा वास आला. बामचा, कापराचा, पुष्कळ दिवस एका जागी राहिलेल्या अंगाचा. पोरं जागच्या जागी थांबली. मिंदानं वरचीच वस्तू उचलली. सपाता. टाचा झिजून एका बाजूला कललेल्या.

"वापरलेल्या दिसतात," निवृत्त शाळामास्तरीण ओफेलिया चष्मा सावरत म्हणाली.

"हाँगकाँगचं वापरलेलं म्हणजे आपल्याकडचं नवं!" बासिंग कडाडली. "तुम्ही मास्तरीण लोक ना, फुकटच्या वस्तूलाही मार्क देता."

सगळे हसले, आणि हसल्यावर सोपं झालं. वाटप सुरू झालं. मिंदानं ते अगदी रीतीप्रमाणे केलं: आधी वडीलधारे, मग उपकारकर्ते, मग शेजारी. भाताचं छोटं भांडं, किटली, पाय दुमडणारं बुटकं स्टूल, तळव्यांना शेकायची रबरी पिशवी. निळे मासे काढलेला कानतुटका मग बासिंगनं मागून घेतला. एका चौकटीत कुणा चिनी मुलीचा शाळेच्या गणवेशातला फोटो होता, "ही कोण बरं?" म्हणून तो हातोहात फिरला आणि शेवटी चौकट फेमियाच्या एका लांबच्या भाच्याच्या पदवीच्या फोटोला गेली. तळाशी एक विणलेलं पांघरूण होतं, रंगीबेरंगी लोकरीच्या चौकोनांचं, जड. मिंदाच्या पोरांना ओफेलियानं कधी पैसे न घेता शिकवलं होतं, म्हणून पांघरूण ओफेलियाला. माझ्या वाट्याला काय आलं विचाराल, तर काही नाही. एक कंगवा निघाला, तर मिंदा म्हणते, "मनोंग इशियो, तुमच्याकडे ढीग आहेत." कंगवा गेला टकल्या एफ्रेनकडे.

फेमिया आली फेब्रुवारीत. म्हातारी गेली होती. तिला पोचवूनच आली. बॅग उघडून तिनं स्वतःच्या हातानं साबण, चॉकलेटं, टॉवेल वाटले. लोक चकित. "आणखी?" म्हणत सगळ्यांनी घेतले. बासिंगनं दोनदा घेतले. मी मोजत नव्हतो, पण दोनदा घेतले.

मग फेमिया वर गेली. बऱ्याच वेळानं खाली आली. कठड्यावर हात ठेवून शेवटच्या पायरीवर उभी राहिली.

"मिंदा, खोकी कुठे ठेवलीस?"

"वाटली की, मनांग!" मिंदाच्या आवाजात काय अभिमान होता! "मृतांच्या सणालाच. सगळ्यांना मिळालं, कुणी रिकाम्या हातानं गेलं नाही. तुमचं नाव काढत गेले सगळे."

फेमियानं आमच्याकडे पाहिलं. आम्ही सगळे चॉकलेट चघळत होतो.

"बरं केलंस," ती म्हणाली.

तेवढंच. मी म्हणतो, तिथेच तिनं आरडाओरडा केला असता तर प्रकरण संपलं असतं. चार दिवस गल्लीला विषय मिळाला असता, अर्ध्या वस्तू परत आल्या असत्या. पण जिनं उभ्या जन्मात फक्त दिलं, तिला मागायचं कसं असतं ते कुणी शिकवलंच नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात ती केस कापायला आली. "नुसती टोकं काप, मनोंग." टोकं कापायला दहा मिनिटं लागतात, ती दुपारभर बसली.

"ते पांघरूण कुणाकडे गेलं?"

"ओफेलियाकडे."

ती आरशातल्या स्वतःकडे बघत बोलत राहिली. हिवाळ्यात तिच्या खोलीला भिंतीतून गारठा यायचा. खोली कसली, स्वयंपाकघरामागची फट; इस्त्रीची फळी आडवी केली की पलंगावरून उतरता यायचं नाही. घरातल्यांनी टाकलेले स्वेटर ती उसवायची आणि त्याच लोकरीचे चौकोन विणायची. निळे मालकिणीच्या मुलीच्या शाळेच्या स्वेटरांचे, कारण मुलगी वाढत गेली तसा दर वर्षी एक निघाला. तपकिरी म्हातारीच्या शालीचे. करडे साहेबाच्या कानटोपीचे. "मी तिथे काय केलं, ते त्यात आहे," ती म्हणाली. "दुसरं काही दाखवायला नाही माझ्याकडे. पैसे तर इथे भिंती झाले."

"मग माग ना! ओफेलिया काय खाणार आहे तुला?"

"छे. मिंदानं तोंड कुठे लपवायचं? आणि लोक म्हणतील, हाँगकाँगहून आली आणि चिंध्या गोळा करत फिरते." मग म्हणाली, "मला फक्त एका खोलीत माझं माझं घेऊन बसायचं होतं रे. बाकी काही नव्हतं मनात."

त्यानंतर ती फिरायला लागली. दुपारी कुणाच्याही घरी जायची. लोक म्हणाले, काय माणूसवेडी आहे! मी आरशातून बघायचो, बाकीचं गिऱ्हाईकांकडून कळायचं. एका घरी ती बुटक्या स्टुलावरच बसायची, खुर्ची दिली तरी नको म्हणायची. दुसऱ्या घरी स्वयंपाकघरात जाऊन किटली हलवून बघायची, तळाला क्षार साचलेत का. भाच्याकडे भिंतीवरच्या त्याच्या पदवीच्या फोटोपुढे इतकी उभी राहायची की त्याला वाटलं आत्याला आपलं फार कौतुक. चौकटीतला जुना फोटो कुठे गेला हे तिनं विचारलं नाही आणि कुणालाही आठवलं नसतं.

एकदा मी बासिंगकडे कात्रीला धार लावायचा दगड मागायला गेलो, तर फेमिया तिथे. बासिंगनं कॉफी केली आणि खास पाहुणी म्हणून निळ्या माशांच्या मगात ओतली.

"जपून धर गं, फेमिया. हाँगकाँगचा आहे."

फेमियानं दोन्ही हातांनी धरला. कान कुठे तुटलाय ते न बघता अंगठा बरोबर त्या जागेवर ठेवला. बासिंगला एवढं दिसत नाही? जिला ट्रक वळायच्या आधी दिसतो? त्या दिवशी नाही दिसलं. मला वाटतं, दिसू दिलं नाही.

हळूहळू लोक कंटाळले. फेमियाच्या हातात आता काही नसायचं. बॅगेतलं केव्हाच संपलं होतं. दुपारी ती येताना दिसली की कुणी झोपलेलं असायचं, कुणी नुकतंच बाजारात गेलेलं. शेवटी बासिंगच मिंदाला म्हणाली, "तुझ्या नणंदेला घरात बसवत नाही का गं? कालपण आली आणि माझा मग घासत बसली. मी कधी तो घासत नाही इतका घासला."

मिंदा ऐकून हसली नाही. घरी गेली, वरच्या खोलीचं दार उघडलं. पलंग, पडदा, रिकामी बॅग. तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला असणार, कारण ती तशीच अनवाणी निघाली आणि ओफेलियाच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली.

ओफेलिया चांगल्या मनाची. मागितल्याबरोबर आत गेली. बाहेर आली तेव्हा हातात पांघरूण होतं, पण अर्धंच.

"अगं, दोन नातवंडं त्याच्यावरून रोज भांडायची," ती म्हणाली. "मग मी मधून उसवलं. दुसरं अर्धं सुनेनं मनिलाला नेलं. कड बघ ना, फितीनं शिवलीय, सुटणार नाही."

मिंदानं ते घरी आणलं तेव्हा मी आणि बासिंग अंगणात होतो. आम्ही सगळ्या गोष्टींना असतोच. मिंदानं ते फेमियाच्या मांडीवर ठेवलं. फेमियानं आधी नाकाला लावलं. ओफेलियाच्या धुण्याच्या साबणाचा वास मलाही येत होता. मग ती एकेका चौकोनावरून बोट फिरवत गेली. तपकिरी, करडा, परत तपकिरी. फितीच्या शिवणीपर्यंत बोट गेलं आणि थांबलं.

"निळे पलीकडच्या अर्ध्यात गेले," ती म्हणाली.

"मी मनिलाला फोन करते, मनांग," मिंदा म्हणाली. "आत्ता करते. तुम्ही तेव्हाच का नाही बोललात? मला काय माहीत! खोक्यातलं आपलं असतं का कधी, सांगा ना!"

"फोन नको करू. लेकरू पांघरत असेल."

मिंदा खुर्चीत बसून हुंदके द्यायला लागली. फेमियानं पांघरुणाची घडी केली, ती खुर्चीच्या पाठीवर ठेवली आणि मिंदाच्या डोक्यावरून हात फिरवला, म्हातारीच्या डोक्यावरून फिरवत असेल तसा. मग तिनं टेबलावरचे आमचे उष्टे कप गोळा केले आणि मागच्या मोरीवर विसळायला गेली.

कुणी तिला "तू बस" म्हणालं नाही. कुणाला सुचलंच नाही.