माझं मत, नबीच्या भरवशावर

जमातीची निवडणूक होती, मला मताचा हक्क होता, पर्समध्ये गाडीचं तिकीट होतं, आणि मी काय केलं? घरी बसून मलिद्याचा नवस बोलले. मत टाकायचं काम एलियाहू हनाबीवर, आमच्या नवसाला पावणाऱ्या नबीवर, सोपवून मोकळी झाले. हसा खुशाल. मीही आता हसते.

तेव्हा मी तरुण होते. म्हणजे साठीची. त्या वयात बाईला वाटत असतं की आपल्याला सगळं कळतं. सत्तरीनंतर हा आजार आपोआप बरा होतो.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले मराठी यहुदी. हे रेल्वेत होते. बदल्या होत होत गोंदियाला आले, रिटायर झाले, कुडव्याला घर बांधलं. लेकीची नोकरी इथली, नातवंडं इथली, म्हणून हे गेल्यावरही मी हलले नाही. अख्ख्या कुडव्यात यहुद्यांचं घर एकच. दाराच्या चौकटीवर मेझुझा आहे, लहानशी तिरपी डबी, आत प्रार्थना लिहिलेली. नवा कुरियरवाला आला की ती बेल समजून दाबतो आणि सांगतो, "आंटी, घंटी खराब है." मी म्हणते, "नहीं बेटा, ऊपर बजती है."

पण माझं जमातीतलं मत कुडव्यात नव्हतं. ते होतं सासरच्या मशिदीत. आमच्यातली जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणतात. ती मुंबईच्याही पलीकडे, समुद्राच्या बाजूला. तिथल्या कमिटीची निवडणूक होती, आणि अध्यक्षपदाला माझी नणंद उभी होती.

उभी राहिली ती सासूबाईंपायी. बायकांची बसायची जागा वर माडीवर, आणि जिना लाकडी, उभा, गुडघ्यांचा जन्माचा वैरी. सासूबाई ऐंशीच्या पुढे. जिना चढवेना तेव्हापासून त्या व्हरांड्यात, पुरुषांच्या चपलांशेजारी, स्टुलावर बसून प्रार्थना ऐकत. अर्धी प्रार्थना कानावर पडे, अर्धी रस्त्यावरच्या रिक्षा खाऊन टाकत. नणंदेचं मागणं एवढंच होतं की आतल्या शेवटच्या दोन बाकांना पडदा लावा आणि म्हाताऱ्या बायकांना द्या. जुना अध्यक्ष म्हणाला, "पूर्वजांनी बांधलंय तसंच राहील." नणंद म्हणाली, "पूर्वजांचे गुडघे शाबूत होते." आणि तिने अर्ज भरला.

मला फोन केला. "वहिनी, मला किती पडतील देव जाणे. पण तू ये. आईला बरं वाटेल."

"येते म्हणजे काय! निघालेच समज," मी म्हटलं. आणि तिकीट काढलंही. मुंबईची गाडी आमच्या गोंदियातूनच सुटते, जागेचं रडगाणं गायची सोय नाही.

दुसऱ्या दिवशी जुन्या अध्यक्षाचा फोन. तो माझा सख्खा मावसभाऊ. आता त्याच्याबद्दल वाकडं कसं बोलू? आमच्यात काही प्रार्थना दहा पुरुष असल्याशिवाय म्हणता येत नाहीत. हे गेले तेव्हा गोंदियात दहा यहुदी आणायचे कुठून? यानेच माणसं गोळा केली, गाडीत बसवली आणि इथवर घेऊन आला. तो म्हणाला, "अक्का, तुझ्यावर भिस्त आहे बरं का."

मी म्हटलं, "तू काही काळजी करू नकोस."

झालं. दोघांनाही शब्द. वर स्वतःचीच पाठ थोपटली, की किती बाई मी समंजस, कोणाचं मन मोडत नाही. म्हणायला मतदान गुप्त होतं. पण आमच्या जमातीत गुप्त म्हणजे काय, चिठ्ठीची घडी बघून सांगतील, ही अमक्याच्या बायकोची.

गंमत म्हणजे मतदानावर भाषण देण्यात गल्लीत माझा हात धरणारं कोणी नव्हतं. विधानसभेच्या वेळी मी सकाळीच शाईचं बोट नाचवत दारोदार फिरले होते. "झालं का? अजून नाही? लाज वाटत नाही?" नातवंडांना तर माझ्या वडिलांची शिकवण रोज. वडील म्हणत, जमातीवर माणूस नेमायचा तर जमातीला विचारून नेमावा, ही आपली रीत. आणि विचारलं की तोंड उघडावं. जो गप्प बसला त्याने नंतर कुरकुरू नये. नातवंडं डोळे फिरवायची आणि मी आणखी जोरात सांगायची.

तर अशी ही विदुषी. तिने मार्ग काढला. डोळे मिटून म्हणाली, "हे नबी, नणंदेला निवडून आण. पण माझ्याशिवाय आण. मलिदा करते." मग तिकीट रद्द केलं आणि नणंदेला कळवलं की गुडघा धरलाय. गुडघा! सासूबाईंचंच दुखणं उसनं घेतलं.

शनिवारी शब्बाथ, आमचा विसाव्याचा वार, म्हणून मतदान रविवारी. रविवारी सकाळी मी पोहे भिजवले. मलिदा म्हणजे गोड पोहे, त्यात ओलं खोबरं, सुकामेवा, वेलची, बाजूला फळं. आमचा जिल्हा धानाचा, पोह्यांना तोटा नाही. तोटा माणसांचा. मलिद्याला खरं तर जमात लागते, मिळून गायचं असतं. कुडव्यात जमात म्हणजे मी. मीच हजान, म्हणजे प्रार्थना म्हणवणारा, होऊन म्हटलं, मीच मागून आमेन म्हटलं.

तेवढ्यात शेजारीण आली. पोवारांची सून, जिभेला धार, मला काकू म्हणते.

"काय करून राह्यल्या जी काकू? वास लय भारी येऊन राह्यला."

"नवसाचं आहे. आज आमच्या जमातीत निवडणूक आहे, माझी नणंद उभी आहे."

"आज? मंग तुमी काऊन नाई गेल्या?"

"देव पाहील."

"देवाचं नाव हाय का जी तुमच्या यादीत?"

मी ऐकलंच नाही असं करून तिच्या हातात बशी दिली. ती तोंड भरून पुढे सुरू. "अन् नवस निवडून आल्यावर फेडाचा ना! पयलेच देऊन देल्लात, मंग तो काम कायले करन? ठेकेदाराले कोनी पयले देते का?"

"अगं, नबी म्हणजे ठेकेदार आहे का?"

"नाई त काय. काम तुमचं, करून राह्यला तो." तिने बशी पुढे केली, आणखी घेतलं. "आमाले त बोट दाखवू दाखवू हाकललं होतं तुमी. मी अंगात ताप घेऊन गेल्ती."

"ते सरकारचं होतं. हे घरचं आहे."

"हव, घरचं त माफ रायते," ती म्हणाली आणि बशी चाटूनपुसून ठेवून गेली.

दिवसभर मी फोनकडे बघत होते. संध्याकाळी वाजला. नणंद.

"हरले, वहिनी."

"अरेरे. कितीने?"

"भरपूर."

आता खरं लिहायचं तर लिहिते. माझी छाती हलकी झाली. एका मताने हरली असती तर मी मेलेच असते. भरपूर म्हणजे माझ्यावर काही आलं नाही. बाजारात भाव उतरल्यावर बायका बोलतात त्या आवाजात मी म्हटलं, "मग गं! माझ्या एका मताने काय होणार होतं?"

ती म्हणाली, "गुडघा कसा आहे?"

"दुखतोय गं."

"कोणता?"

मला विचार करावा लागला. "डावा."

"परवा उजवा म्हणालीस."

स्वयंपाकघरात अर्धं पातेलं मलिदा उरलेला आणि मी उभी, दोन्ही गुडघे ठणठणीत.

नणंद म्हणाली, "तू येत नाहीस हे मी आईला सांगितलंच नव्हतं. सांगवेना. ती सकाळपासून मशिदीच्या दारात बसून येईल त्याला सांगत होती, माझी सून येतेय. आत्ता कळलंय तिला. घे, बोल."

फोन सासूबाईंच्या हातात गेला. मी तयारीत होते, की त्या रडतील, मग मी रडेन, आणि दोघी मिळून विषय मिटवू. त्या घसा खाकरून, व्हरांड्यातून रस्त्यापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाल्या:

"ऐक. पेटी बंद करायला निघाले तेव्हा मी दारात आडवी झाले. म्हटलं, सून गोंदियाहून निघालीय, गाडी लेट असेल, थांबा. थांबले बिचारे. तुझा भाऊही थांबला, वर सगळ्यांना चहा पाजला त्याने. आपण हरणार ते मला दुपारीच दिसलं होतं, थांबवलं ते त्यासाठी नाही. तू आल्याशिवाय पेटी बंद होऊ नये असं वाटलं, एवढंच. बाकांचं पुढच्या वेळी बघू, मी काही एवढ्यात मरत नाही. आता रडू नकोस, बिल वाढतं. फोन ठेव आणि तुझ्या भावाला लाव. चहाचे आभार मान, आणि तुझं मत कोणाला होतं ते त्याला तुझ्या तोंडाने सांग."