नाव नसलेला भाग

खंडेनवमीला शस्त्रांची पूजा करतात, आणि धरमपेठेतल्या बाबारावांच्या कॉम्प्युटर ब्युरोत शस्त्र एकच होतं. म्हणून १९८५ साली शालिकराम नंदनवारने मशीनला झेंडूचा हार घातला आणि जिच्याशिवाय ते सुरूच होत नसे, त्या फ्लॉपीला हळदकुंकू वाहिलं. भक्ती अशी, की पाकिटातून बाहेर काढून वाहिलं.

शालिकराम खाप्याच्या विणकराचा मुलगा. ब्युरोतल्या फ्लॉप्या सांभाळणं हे त्याचं काम. मशीनला फाइलचं नाव आठच अक्षरी चाले, टिंबापुढे आणखी तीन. त्याचं स्वतःचं नाव इंग्रजीत नऊ अक्षरी. त्याने शेवटचा एम सोडून दिला, कुरकुर केली नाही.

दसऱ्यानंतर मशीन उठेना. फ्लॉपीच्या उघड्या खिडकीत कुंकू जाऊन बसलं होतं.

"काय करून ठेवलं गा हे?" बाबाराव म्हणाले. "संध्याकाळपर्यंत सुरू नाही झालं तं उद्यापासून येऊ नको."

शालिकराम घाबरला नाही. कपाटात नक्कल होती, एकेक फाइल नावानिशी उतरवलेली. ती घातली. मशीन गप्पच. मग मात्र घाबरला.

रामदासपेठेतल्या एका ब्युरोत तसंच मशीन होतं. तिथल्या ऑपरेटर वच्छलाबाई नक्कल पाहून हसल्या.

"यादीत दिसलं तेवढंच उतरवलं ना जी तुम्ही?"

"एक नाव नाही सोडलं."

"मशीन ज्याच्यानं उठते, तो भाग फ्लॉपीच्या पहिल्या ट्रॅकवर राहते. त्याले नावच नाही, तं यादीत कसा दिसन? पूर्ण फ्लॉपीच जशीच्या तशी उचला लागते. अन् पूजाच करायची होती तं टेबलाची करायची!"

त्यांनी आपली फ्लॉपी अख्खी उतरवून दिली. परतताना सायकलवर शालिकरामला आई आठवली. खाप्यात लुगडं बापाच्या नावानं विकलं जाई. जन्मभर मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या आईचं नाव कोणी विचारलं नाही. तिच्याशिवाय माग मात्र एक दिवस चालला नसता.

मशीन उठलं. पडद्यावर पहिल्याच ओळीत रामदासपेठेच्या ब्युरोने सुस्वागतम केलं. अख्खी म्हणजे अख्खी.

"हे कोणाचं नाव हाय?"

"ज्यायची फ्लॉपी, त्यायचं. पुसायले गेलो तं अजून काय पुसलं जाईन, मले नाही समजत, बाबारावजी."

बाबारावांनी पडद्याकडे पाठ केली.

"राहू दे. उद्या वेळेवर ये."

ते मशीन विकेपर्यंत धरमपेठेचं गिऱ्हाईक सकाळी रामदासपेठेचं नाव वाचत असे, आणि बाबाराव नेमके तेव्हाच चहा सांगायला बाहेर जात.