स्क्रूवरची भिंत

माझी मुलगी मिताली जपानमध्ये ग्योतोकुला राहते. तिच्या गल्लीच्या टोकाला कुराता-सान यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे लाकडी सांगाड्याची एक उंच खोली. आत ते मिकोशी बनवत. मिकोशी ही तिथली देवाची पालखी. पण दिसायला छपरासकट छोटं देऊळ, आणि उचलायला सगळं गाव लागतं.

मी पहिल्यांदा गेलो तो भूकंपानंतरचा दुसरा हिवाळा होता. भूकंपात तिथली जमीन चिखलासारखी झाली होती आणि कारखाना कलला होता. कुराता-सान यांनी जॅक लावून तो स्वतः सरळ केला, पण भिंतींच्या फळ्यांत फटी राहिल्या. मिकोशीला एका झाडाच्या चिकाचा लेप देतात. तो उन्हात वाळत नाही. उबदार, दमट हवेतच धरतो. म्हणून आत केरोसीनचा स्टोव्ह आणि त्यावर पाण्याची किटली. फटींतून शिरलेल्या कोरड्या वाऱ्याने आदल्या हिवाळ्यातला लेप फुकट गेला होता. भिंतींना बाहेरून पत्रा हवा होता. कारागीर उत्तरेला पडलेली घरं उभारायला गेलेले. एवढ्याशा कामाला कोण येणार?

मी भोसरीत पत्र्याच्या शेड उभ्या करण्यात आयुष्य घालवलं. मितालीने त्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, या.

मिकोशी कोणासाठी, ते मितालीने वाटेत सांगितलं. त्यांची बायको फुमिको आजारी आईला बघायला माहेरी गेली होती, उत्तरेच्या किनाऱ्यावर. त्याच आठवड्यात भूकंप झाला आणि समुद्राची लाट आली. फुमिको सापडली नाही. गावची मिकोशीही वाहून गेली. गावाने काही मागितलं नव्हतं. यांनीच कळवलं, नवी मी देतो.

मी पहिला पत्रा थेट फळ्यांवर धरला. भोसरीत तसाच लावतात. कुराता-सान यांनी माझं मनगट पकडलं.

"आतली वाफ थंड पत्र्याला लागेल," मितालीने त्यांचं बोलणं सांगितलं, "मागे पाणी धरेल आणि लाकूड कुजेल."

म्हणून आधी फळ्यांवर जलरोधक कागद, त्यावर उभ्या पट्ट्या आणि पट्ट्यांवर पत्रा. मागे खालून वर हवेला वाट. पत्र्यापेक्षा पट्ट्यांना मेहनत जास्त. प्रत्येक पट्टी ओळंब्यात बसली पाहिजे. पत्रे आडवे, खालून वर लावत जायचे. वरचा पत्रा खालच्याचे खिळे झाकतो.

कुराता-सान काहीतरी पुटपुटले. मिताली हसली.

"विचारतायत, भारतातला दिवस इथल्यापेक्षा मोठा असतो का?"

"त्यांना सांग, वाकडा पत्रा लावायला वेळ लागत नाही. काढायला लागतो."

"बाबा, मी हे नाही सांगणार."

"सांग."

तिने सांगितलं. त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी वेगळा चहाचा पेला आला.

तीन भिंती झाल्या. रस्त्याकडच्या चौथीला त्यांनी मला खिळे मारू दिले नाहीत. ही स्क्रूवर, म्हणाले. त्यांच्या घरात वडिलांपासूनची रीत होती: तयार मिकोशी पुन्हा सुटी करायची नाही. दारातून ती मावत नाही, आणि दार मोठं केलं तर ऊब टिकत नाही. न्यायला गाव आलं की भिंत उतरवायची. मिकोशी खांद्यावरूनच बाहेर पडते. म्हणून त्या भिंतीला वेगळी चौकट. तिचे सगळे स्क्रू त्यांनी स्वतः पिळले.

"येतील ना लोक?" मी विचारलं.

मितालीने विचारलं. "येतील म्हणाले."

दोन वर्षांनी मी परत गेलो. मिकोशी पुरी झाली होती. काळी, कडांना सोनं. स्टोव्ह विझलेला होता.

गाव आलं नव्हतं. गावचा म्हातारा प्रमुख तेवढा ट्रेनने येऊन गेला होता. सोबत सुकवलेलं समुद्रशेवाळ आणलं आणि जमिनीला डोकं टेकवून बसला. खालच्या जमिनीवर घरं बांधायला बंदी होती, तरणी माणसं शहरांत पांगली होती. देवालाही शेजारच्या गावच्या देवळात नेलं होतं. तिथे आधीच मिकोशी आहे. कुराता-सान यांनी त्याला चहा दिला आणि स्टेशनपर्यंत सोडलं.

मला म्हणाले, "ही भिंतही खिळ्यांवर घ्यायची."

"का?"

"वारा येतो."

लेप कधीच धरला होता. वाऱ्याने आता काही बिघडणार नव्हतं. मी मितालीकडे पाहिलं.

"बाबा, विचारू नका."

"एवढं सांग त्यांना. खिळ्यांवर गेली की पत्रा फाडल्याशिवाय उघडणार नाही."

तिने सांगितलं. "माहीत आहे म्हणतायत."

जुन्या पत्र्यांना स्क्रूची भोकं होती, म्हणून शिल्लक राहिलेले नवे काढले. चौकट सांगाड्याला पक्की करायची तर आधी अख्खी उतरवावी लागणार होती. आम्ही दोघांनी ती उतरवून बाजूला टेकवली. भिंत उघडी झाली. मिकोशीवर रस्त्यावरचं ऊन पडलं. सायकलवरून जाणारी एक बाई थांबली, वाकली आणि पुढे गेली.

कुराता-सान रस्त्यावर जाऊन उभे राहिले. मिकोशीकडे पाठ, तोंड स्टेशनच्या दिशेला. मी ओळंब्याची दोरी गुंडाळत बसलो. त्यात गुंडाळण्यासारखं काही नव्हतं.

मग ते आले. चौकटीचं एक टोक त्यांनी उचललं, दुसरं मी. जागेवर बसवून खिळे मारले. मग पत्रे, खालून वर. पट्ट्या ओळंब्यात होत्या, त्यामुळे काम अडलं नाही. शेवटच्या पत्र्याचे खिळे वरच्या पट्टीने झाकले गेले.

बाहेरून ती भिंत आता बाकीच्या तिन्हींसारखीच दिसते.