मंगळवारची वाक्यं

एश्बॉर्नला आमच्या खिडकीतून एस-बानचं, म्हणजे लोकल गाडीचं, स्टेशन दिसायचं. सकाळी फ्रँकफर्टहून गाड्या भरून यायच्या, माणसं उतरून ऑफिसांच्या काचेच्या इमारतींत शिरायची आणि संध्याकाळी त्याच गाड्यांनी परत जायची. शनिवार-रविवारी तर ते गाव घासून पालथं घातलेल्या पातेल्यासारखं वाटायचं. नवरा सॉफ्टवेअर कन्सल्टंट. त्याचा क्लायंट स्टुटगार्टला होता, म्हणून सोमवारी पहाटे तो बॅग घेऊन निघायचा तो गुरुवारी परत यायचा. शुक्रवारी दमलेला असायचा, शनिवारी वाणसामान आणि कपडे, आणि रविवारी दुपारपासून पुन्हा बॅग.

लग्नाआधी मी कराडला ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. वर्गात ऐंशी मुलं आणि माझा आवाज मागच्या बाकापर्यंत जायचा. जर्मनीत पहिलं वर्ष माझ्या व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती. एकदा दुपारी जिन्यात शेजारच्या बाईंनी कचऱ्याच्या डब्यांबद्दल काहीतरी विचारलं, तर माझ्या घशातून आवाजच फुटेना. सकाळपासून तोंड उघडलेलं नव्हतं. खाकरून, घसा मोकळा करून मी जर्मनमधलं 'या, या', म्हणजे हो, हो, म्हणाले. त्या काय विचारत होत्या ते मला आजही माहीत नाही.

परवानगी मिळाली तेव्हा पहिलं काम मिळालं ते वाचनालयातल्या फळ्यावरची चिठ्ठी वाचून. फ्रँकफर्टमध्ये एक गृहस्थ भाषेची छोटी पुस्तकं छापायचे. निवृत्त शिक्षक, साठी उलटलेले, लोकरीचं जाकीट घालणारे. विमानतळावर आणि हॉटेलांत काम करणाऱ्या तुर्की माणसांना इंग्रजी लागायचं, पण बाजारातली पुस्तकं जर्मनमधून इंग्रजी शिकवायची. म्हणून त्यांनी तुर्की भाषकांसाठी इंग्रजी शब्दांचं पुस्तक काढायचं ठरवलं होतं. शब्द, त्याखाली एक सोपं इंग्रजी वाक्य, आणि त्याखाली त्याच वाक्याचं तुर्की. इंग्रजी वाक्यं मी लिहायची. राजकारण नको, धर्म नको, दुःखी काही नको, एवढ्याच त्यांच्या अटी होत्या.

आठवडाभर मी घरी वाक्यं लिहायचे आणि मंगळवारी घेऊन जायचे. सकाळी सगळं जग एश्बॉर्नला उतरत असायचं आणि मी रिकाम्या गाडीत बसून उलट्या दिशेला जायचे. ऑफिस म्हणजे मागच्या अंगणातली एक खोली. तिथे लांब टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तुर्की करणाऱ्या बाई बसायच्या. पंचावन्नच्या आसपासच्या, आखूड पांढरे केस, चष्मा साखळीला लावलेला. तुर्कस्तानात इंग्रजीच्या शिक्षिका होत्या. नवऱ्यामागून इथे आल्या, तेव्हा त्यांची पदवी इथे चालली नाही, म्हणून बरीच वर्षं एका कारखान्यात खोकी भरत होत्या. आम्ही इंग्रजीत बोलायचो, मध्येमध्ये जर्मन.

पहिल्या दिवशी मी त्यांना काय म्हणू ते विचारलं. त्या म्हणाल्या, "आब्ला म्हण. मोठी बहीण. मावशीबिवशी म्हणू नकोस."

आमच्याकडे जवळजवळ असाच एक शब्द आहे आणि त्याचा अर्थ दुबळी बाई असा होतो, हे मी त्यांना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "मग तुमचा शब्द चुकलाय," म्हणाल्या, आणि कागद पुढे ओढले.

पहिले काही आठवडे त्या कामापलीकडे फारसं बोलल्या नाहीत. एकदा मात्र त्यांनी पेन खाली ठेवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"तुला एक विचारू? तुझ्या वाक्यांत माणसं का नाहीत?"

"आहेत की," मी म्हणाले. "ती आहे, तो आहे."

"ती आहे. पण ती कुणाशी बोलत नाही." त्यांनी एकेक कागद उचलून वाचायला सुरुवात केली. "'रिमेन': थोडा भात उरला आहे. 'रिंग': फोन वाजला, पण तो शेजाऱ्यांचा होता. 'बोथ': दोन्ही खुर्च्या रिकाम्या आहेत. आणि हे बघ, 'व्हिजिट'. निदान या शब्दाला तरी कुणी कुणाकडे जाईल की नाही? तर, आम्ही रविवारी संग्रहालयाला भेट देतो."

मी म्हणाले की ही व्याकरणासाठीची वाक्यं आहेत, शब्द समजला की झालं.

"गेनाऊ, अगदी बरोबर," त्या म्हणाल्या. "शब्द समजला."

मला राग आला. परतताना गाडीत मी ठरवलं की त्यांना दाखवायचंच. त्या आठवड्यात मी वाक्यांत माणसांची नुसती गर्दी केली. 'बॉरो'ला शेजारीण वाटी घेऊन साखर मागायला आली. 'नॉक'ला आत्या दार न वाजवताच आत शिरली आणि थेट स्वयंपाकघरात गेली. 'शेअर'ला चार बहिणी एका पलंगावर झोपल्या. 'अर्ग्यू'ला दोन काका जमिनीवरून नव्हे, तर भजी कुणी जास्त खाल्ली यावरून भांडले. लिहिताना मी एकटीच हसत होते. मग उठून एका माणसापुरती खिचडी टाकली.

मंगळवारी आब्लाने सगळे कागद वाचले. या वेळी तिच्या खांद्यांवरून कळत होतं की ती हसतेय. पण प्रकाशकांनी आत्याच्या वाक्यावर काट मारली. "दार न वाजवता?" त्यांनी मला सौम्यपणे विचारलं. "विद्यार्थ्यांना हे समजणार नाही."

"समजेल," आब्ला जर्मनमध्ये म्हणाली. "तुम्हाला समजणार नाही."

वाक्य राहिलं. कधी मी मनातल्या मनात 'अहो-जाहो' सोडून तिला 'अगं आब्ला' म्हणायला लागले ते आठवत नाही. इंग्रजीत काय, दोन्हीला एकच शब्द.

तुर्की मला येत नव्हतं, पण ती वाचायची तेव्हा क्रियापद आमच्यासारखंच शेवटी यायचं, त्यामुळे वाक्य कुठे संपतंय ते कळायचं. एकदा 'अराइव्ह' या शब्दापाशी ती अडली. मी लिहिलं होतं, पाहुणे काल आले. तिने विचारलं, "तू बघितलंस की ऐकलंस?"

"म्हणजे?"

"तुर्कीत ते सांगावं लागतं. आपण स्वतः बघितलं असेल तर 'गेल्दी'. कुणी सांगितलं असेल तर 'गेल्मिश'. इंग्रजीला काही फरक पडत नाही. मला पडतो."

मी तिला म्हणाले की आम्हीही असं करतो. पाहुणे आले, आणि पाहुणे आले म्हणे. तिने 'म्हणे' हा शब्द दोन-तीनदा उच्चारून बघितला. तिला तो आवडला.

त्या हिवाळ्याच्या शेवटी माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं. मुलीकडच्यांना घाई होती, मुहूर्त लवकरचा निघाला. आमचे पासपोर्ट नेमके व्हिसा वाढवायला दिलेले होते आणि ते परत यायला अवकाश होता. दोष कुणाचाच नव्हता. आई फोनवर म्हणाली, "राहू दे गं. तू तिथूनच आशीर्वाद दे. सगळं व्यवस्थित होईल." तिच्या आवाजात इतकी घाई होती की मला रडायलाही जागा मिळाली नाही. मागे कुणीतरी तिला हळदीच्या ताटाबद्दल विचारत होतं.

लग्न मंगळवारी होतं. नवरा स्टुटगार्टला. "सुट्टी घेऊन येऊ का?" त्याने आदल्या दिवशी विचारलं होतं, आणि मी म्हणाले, "तू येऊन काय करणार?" तो नाही आला. मी बोलले ते त्याने खरं मानलं.

सकाळी लवकर उठून मी न्हाले आणि लग्नात नेसायला म्हणून मनात धरलेली जांभळी पैठणी नेसले. तांदूळ कुंकवात कालवून अक्षता केल्या. मुहूर्ताच्या वेळी मामेभावाने फोन लावला आणि मोबाइल मांडवातल्या स्पीकरजवळ धरला. मी आमचा फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि मूठभर अक्षता घेऊन समोर उभी राहिले. आवाज फाटका येत होता. मंगलाष्टकं कोण म्हणतंय ते ओळखू येईना. मध्येच एक लहान मूल रडलं, कुणीतरी "अंतरपाट नीट धरा" म्हणालं. मग 'सावधान' ऐकू आलं आणि वाजंत्री सुरू झाली, तशा मी अक्षता टाकल्या. फोनवर. दुसरीकडे कुठे टाकणार? मग लाइन तुटली. बटणांच्या फटींत तांदूळ अडकले होते ते मी टाचणीने काढले.

पैठणी बदलायचा कंटाळा आला म्हणा, किंवा ती इतक्या लवकर उतरवावीशी वाटली नाही म्हणा, तिच्यावरच जाड कोट चढवला आणि मी स्टेशनवर गेले. उतरलेल्या गर्दीतल्या दोघा-तिघांनी कोटाखालच्या जरीच्या काठाकडे बघितलं. जर्मन लोक बघून न बघितल्यासारखं करतात, तसं.

खोलीत कोट काढल्यावर आब्ला माझ्याकडे बघत राहिली.

"आज काय आहे?"

"भावाचं लग्न झालं," मी म्हणाले. "तासाभरापूर्वी."

तिने पेनाला टोपण लावलं, आमच्या दोघींचे कागद गोळा करून एकावर एक ठेवले आणि प्रकाशकांना सांगितलं, "आज आम्ही काम करणार नाही." त्यांनी माझ्या पैठणीकडे बघितलं आणि मान डोलावली.

ती मला कोपऱ्यावरच्या तुर्की बेकरीत घेऊन गेली. काउंटरवरच्या माणसाला तिने तुर्कीत काहीतरी सांगितलं. त्याने मान झुकवून मला काहीतरी म्हटलं, बहुतेक अभिनंदन. बक्लाव्याच्या गोड वड्यांची मोठी बशी आली आणि छोट्या काचेच्या पेल्यांत काळा चहा. मी एक तुकडा तोंडात घातला आणि मग रडू आवरेना. आब्लाने समजूत घातली नाही. कागदी रुमालांचा डबा माझ्याकडे सरकवला आणि खिडकीतून बाहेर बघत बसली.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "माझे वडील गेले तेव्हा तार दोन दिवसांनी पोचली. आईच्या वेळी फोन होता, पण कारखान्यात रजा मिळेपर्यंत पुरूनही झालं होतं. मी पोचले तेव्हा अंगणात खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि बायका जेवत होत्या." तिने चहात साखर घालून ढवळली. "तेव्हापासून मला सांगता येत नाही. लोक विचारतात तेव्हा मी म्हणायला हवं, 'ओल्मुश'. गेली म्हणे. स्वतःच्या आईबद्दल असं कोण बोलतं? मी तोंडावर खोटं बोलते. 'ओल्दू' म्हणते. बघितल्यासारखं."

मी विचारलं, "आणि मी? मी तर ऐकलं, पण तेव्हाच्या तेव्हा."

तिने पेला खाली ठेवला. "माहीत नाही," म्हणाली. "आम्ही शिकलो तेव्हा असे फोन नव्हते. तू बक्लावा खा."

तिने मला भावाबद्दल विचारलं, नवरीबद्दल विचारलं. नवरीला मी फोटोतच बघितलं होतं, तरी खूप सांगितलं. दुपारी मी घरी आले. संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. "कसं झालं?" त्याने विचारलं. मी म्हणाले, "छान झालं म्हणे."

पुढच्या उन्हाळ्यात आब्लाच्या नवऱ्याने कायमचं परत जायचं ठरवलं. तो निवृत्त झाला होता आणि त्याला समुद्राजवळच्या आपल्या गावी जायचं होतं. तिला जायचं नव्हतं. मुलगा इथेच होता, नुकतं नातवंड झालं होतं. हे तिने मला एका मंगळवारी काम करता करता सांगितलं, कागदावरची मान वर न करता. पुस्तकाचा शेवटचा भाग तेव्हा चालू होता. मी म्हणाले, "तू राहा ना इथे." ती म्हणाली, "आणि तो जेवेल काय?"

शेवटच्या दिवशी ती नेहमीसारखीच वेळेवर टेबलावरून उठली, चष्मा डब्यात ठेवला आणि माझ्या दोन्ही गालांना गाल लावला. आम्ही कधी एकमेकींच्या घरी गेलो नव्हतो. पत्ते मात्र घेतले.

उरलेल्या वाक्यांचं तुर्की एका विद्यार्थ्याने केलं. तो ई-मेलने पाठवायचा, छान करायचा, काही विचारायचा नाही. मंगळवारी जायची गरज उरली नाही. मी वाक्यं घरूनच पाठवायला लागले आणि तेव्हा लक्षात आलं की पुन्हा दिवसचे दिवस तोंड उघडलेलं नसतं.

पुस्तक निघालं तोपर्यंत आम्ही वोल्फ्सबुर्गला राहायला गेलो होतो. नवऱ्याने तिथे गाड्यांच्या कारखान्याचं काम घेतलं. आता तो रोज संध्याकाळी घरी यायचा. एका रविवारी तो ते पुस्तक चाळत बसला होता. काही पानं वाचली, पुन्हा मागे गेला.

"ह्या वाक्यांतली ही एकटी बाई कुठे राहते?" त्याने विचारलं.

"एश्बॉर्नला," मी म्हणाले.

त्याने ते पान पुन्हा वाचलं. मग म्हणाला, "मला सांगायचंस ना गं." मी म्हणाले, "तू दमलेला असायचास." त्याने पुस्तक मिटलं. त्या संध्याकाळी पोळ्या त्याने लाटल्या, वेड्यावाकड्या.

आब्लाला मी परदेशी फोनची कार्डं विकत घेऊन फोन करायचे. तिच्याकडे ऑलिव्हची झाडं होती, कोंबड्या होत्या, सांध्यांचं दुखणं होतं. नवरा दिवसभर चहाच्या दुकानात बसायचा. एकदा थंडीत केला तर ती म्हणाली, "इथे इंग्रजी बोलायला कुणी नाही. शब्द गळायला लागलेत. जरा बोल माझ्याशी."

"काय बोलू?"

"काहीही. मी ऐकते."

मी फोन घेऊन खिडकीशी गेले. बाहेर बर्फ पडला होता, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी तिला सांगत गेले की ओळीने गाड्या लावल्यात आणि सगळ्या एका रंगाच्या झाल्यात. एक म्हातारे गृहस्थ आपली गाडी समजून दुसऱ्याचीच काच खरवडतायत. आता त्यांच्या लक्षात आलंय. आता ते इकडेतिकडे बघतायत, कुणी बघितलं का म्हणून. पलीकडून तिचा श्वास ऐकू येत होता, आणि मागे कोंबड्या. मग तिच्या नवऱ्याने आतून हाक मारली. जेवायची वेळ झाली असावी. "आले," ती त्याला तुर्कीत म्हणाली, तेवढं मला कळलं, आणि तिने फोन ठेवला.

त्यानंतर दोनेकदा बोलणं झालं. मग तो नंबर लागेनासा झाला. पत्र टाकलं, त्याचं उत्तर आलं नाही.