माझ्या कुलरचं बूच

मे महिन्यात केळापुरात ज्याचा कुलर बंद पडतो, त्याने प्रेमसिंग राठोडशी भांडू नये. मी भांडलो होतो, आणि माझी बाजू शंभर टक्के बरोबर होती. माझा कुलर चार दिवस त्याच्या अंगणात उघडाबोडका पडलेला, मी घरी डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसलेलो, आणि हा गृहस्थ होडी दुरुस्त करत होता!

होडी म्हणजे कयाक. एकट्याने पाय पसरून बसायची, फायबरची, पिवळीजर्द. प्रेमसिंगची लेक खुशी तिच्यातूनच धरणाच्या पाण्यावर वल्हवायला शिकली. रविवारी नागपूरच्या स्पर्धेसाठी तिची निवड चाचणी होती आणि होडी ज्याची त्याने आणायची होती. बुधवारी काठावर ओढून ठेवलेल्या या होडीवर एका म्हशीने पाय दिला. हातभर चीर पडली. आता चाचणी हुकणार म्हणून खुशी रडत घरी आली, तर बाप म्हणाला, "रडून कायले राह्यली? टाकीच हाय ते. जराशी लांब टाकी."

वीस वर्षं हा माणूस गंजलेल्या कुलरच्या टाक्यांना फायबर मारतोय. चिरेच्या कडा त्याने पॉलिश पेपरने घासल्या, काचेच्या धाग्यांची चटई कापली, मग्यात रेझिन आणि हार्डनर कालवलं. पण ऊन असं, की ब्रश बुडवायच्या आत मग्यातून धूर निघाला आणि रेझिनचा दगड झाला. दुसरा मगा त्याने पहाटे कालवला. थरावर थर दिले, दाबून दाबून हवेचे फुगे काढले. काचेची कुसं उडून प्रेमसिंग, त्याची बायको मानीबाई, खुशी आणि रोज भांडायला जाणारा मी, असे चौघंही खाजवत होतो. शुक्रवारी चीर इतकी साफ बुजली, की राग विसरून मी "वा!" म्हणालो.

मग त्याने ड्रिल उचललं. मला वाटलं, आली एकदाची माझ्या कुलरची पाळी. पण प्रेमसिंग गुणगुणत होडीकडे गेला आणि तिच्या बुडाला, अगदी मधोमध, त्याने अंगठ्याएवढं भोक पाडलं.

"बापू!" खुशी किंचाळली. "हे काय केलं?"

"पाणी सोडाले," तो सवयीने बोलून गेला. "भोक नाही ठेवलं तं पाणी बदलवशीन कशी?"

"बापू, होडीत पाणी बाहेर असते!"

प्रेमसिंग ड्रिल हातात धरून तसाच उभा. मला हसू आवरेना, मी चक्क जमिनीवर बसलो. चटई संपलेली, पांढरकवड्याच्या दुकानात ती सोमवारी येणार होती. प्रेमसिंगची नजर हळूच माझ्या कुलरकडे वळली.

"गुरुजी, तुमचं बूच..."

"हात लावू नकोस!" मी ओरडलो, पण बूच निघालं होतं. भोवती उरलेलं रेझिन लावून त्याने ते होडीत ठोकून बसवलं.

मानीबाई पुढे आली. "ह्या भोकावर माही पोरगी नाही बसनार. आधी तुमी बसा. पँट कोरडी आली तं खुशी जाईन. ओली आली तं होडी चुलीत."

आता प्रेमसिंग गुडघ्यावर पाणी आलं की मागे फिरणारा माणूस! शनिवारी सकाळी धरणावर खुशीने त्याला एकावर एक दोन लाइफ जॅकेट बांधली आणि होडी ढकलली. तो दोन्ही कडा धरून, डोळे गच्च मिटून बसला. थोड्या वेळाने त्याने एक डोळा उघडला. मग दुसरा. मग वल्हं उचललं.

"गुरुजी! तरंगून राह्यलो मी! तरंगून राह्यलो!"

तो परत येईचना. गोल गोल फिरत, स्वतःवरच पाणी उडवत, वेड्यासारखा हसत राहिला. मी चप्पल हातात घेऊन काठाकाठाने धावत होतो आणि मीही का ओरडत होतो ते मला माहीत नाही. खुशी हाका मारून थकली. "बापू, या ना आता, मले सराव कराचा हाय!"

शेवटी आला. मानीबाईने काठावर जमलेल्या लोकांदेखत त्याला पाठमोरं उभं केलं. मांड्यांवर वल्ह्याचं पाणी उडालं होतं, ते तिने धरलं नाही. मागून पँटला तळहात लावला.

"कोरडी," ती म्हणाली. मग खुशीकडे वळून, "जाय."

दिवसभर प्रेमसिंग भेटेल त्याच्याकडे पाठ करून "हात लावून पाह्य" म्हणत होता. संध्याकाळी माझा कुलर आला. बुचाच्या जागी चिंधी.

रविवारी दुपारी मी त्या गळक्या कुलरपुढे पाण्यात पाय घेऊन बसलो होतो. बाहेर प्रेमसिंगची मोटरसायकल वाजली, आणि ती थांबायच्या आधीच त्याचा आवाज आला, "गुरुजी! तुमचं बूच नागपूरले चाललं!"

मी तसाच ओल्या पायांनी रस्त्यावर धावलो.